राजेळी केळी : मुलूख बदलला की गुण बदलतो

(विरार येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आगाशी-विरार पट्ट्यातील सुकेळी ज्या केळीची होते, ती राजेळी आज वाड्यांत मोजकीच उरली आहे. ती पुन्हा लावावी का आणि दुसरीकडे येईल का, हे दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात.

राजेळी केवळ वसईची नव्हे. केरळात जिला नेंद्रन म्हणतात, ती याच गटातली. तिथे कच्च्या फळाचे काप तळतात. आपण फळ पिकवून, सोलून उन्हात वाळवतो. सुकेळीला कोरडे ऊन लागते. हवा ढगाळ, दमट झाली की फळाला बुरशी धरते.

आता मुलूखवार पाहू. वसईच्या सखल वाडीत निचरा आणि गोडे पाणी असेल तर राजेळी चांगली येते. विहीर मचूळ झाली की पानांच्या कडा करपतात आणि घड लहान राहतो. दक्षिण कोकणातील जांभ्या जमिनीत पावसात खते वाहून जातात, म्हणून तिथे शेणखत भरपूर घालावे आणि वरखते हप्त्यांनी द्यावीत. जळगावकडे मे महिन्याच्या उष्ण वाऱ्यात उंच राजेळी फाटते, मोडते. हिवाळ्याच्या थंडीत वाढ खुंटते. बसराईसारखी बुटकी जात तिथे रुजली, त्यामागे हेही एक कारण आहे.

घडाच्या वजनात राजेळी ग्रँड नैनच्या मागेच राहणार. किलोवर विकायची असेल तर ती लावू नका. सुकेळी करणार असाल तर लागवडीची वेळ सांभाळा. घड तयार व्हायला सुमारे ११ ते १२ महिने लागतात. जूनमध्ये लावलेली बाग पुढच्या मे-जूनमध्ये येते आणि सुकेळी पावसात सापडते. पाणी पुरत असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, म्हणजे पुढच्या वर्षी कडक उन्हात वाळवण होईल.

मुनवे निरोगी, चांगला घड दिलेल्या झाडाचेच घ्या. पाने तलवारीसारखी अरुंद असावीत. बुंध्याला भोके पडून त्यांतून डिंकासारखा चीक येत असेल तर तो सोंडकिड्याचा उपद्रव समजावा. अशा बेटाचा मुनवा घेऊ नये.

प्रथम दहाच झाडे लावा. लागवडीची तारीख, घडाचे वजन आणि वाळून हाती आलेली सुकेळी वहीत टिपा. पुढच्या वर्षी किती लावायची, हे ती वहीच सांगेल. मात्र घरच्या वाडीत जुने बेट असेल तर ते उपटू नका. ते गेले की चांगला मुनवा आणायचा कुठून?