ओट्याशेजारचे बंदिस्त शीतकपाट : वापर आणि निगा

(संस्थेच्या वार्षिक कुटुंबमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांस ‘संस्कार आणि नवी पिढी’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु त्या विषयावर मागील तीन मेळाव्यांत तीन व्याख्याने झाली असून नवी पिढी आहे तेथेच आहे, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. यास्तव त्यांच्या अनुमतीने आम्ही आज एका निर्जीव वस्तूविषयी चार शब्द सांगणार आहोत. आम्ही कोणी अभियंता नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतली आणि ३४ वर्षे मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकविले, एवढीच आमची पुंजी. तथापि जे सांगावयाचे आहे ते पुस्तकातले थोडे आणि आमच्या घरात घडलेले अधिक आहे.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांच्या जुन्या इमारती अलीकडे पुनर्विकासास गेल्या. नव्या सदनिकेत स्वयंपाकघर सजवून घेण्याची चाल पडली आहे आणि त्या सजावटीत फ्रिजही कपाटांच्या रांगेत बसवून, त्यास बाहेरून इतर कपाटांसारखेच लाकडी दार लावतात. पाहुण्यास फ्रिज कोठे आहे हे शोधावे लागते. वस्तू देखणी खरी. परंतु मोकळ्या जागेत उभा राहणारा फ्रिज आणि भिंतीत बसविलेला फ्रिज यांचा स्वभाव एक नव्हे. पहिल्यास चुका पुष्कळ सोसतात, दुसऱ्यास सोसत नाहीत.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. आम्ही सातवीच्या वर्गात माठाचे उदाहरण देत असू. माठातून झिरपलेले पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता बरोबर घेऊन जाते, म्हणून पाणी गार होते. फ्रिजमध्येही तत्त्व तेच. नळ्यांतून फिरणारा एक द्रव आतल्या बाजूस वायुरूप होतो व अन्नाची उष्णता शोषून घेतो. पुढे कॉम्प्रेसर त्या वायूस दाबतो आणि बाहेरच्या नळ्यांत तो ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. माठातले पाणी हवेत निघून जाते, येथे तोच पदार्थ फिरत राहतो, एवढाच भेद. म्हणजे फ्रिज थंडी उत्पन्न करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि तिच्यात कॉम्प्रेसरच्या विजेची भर घालतो. आता ती बाहेर टाकलेली उष्णता जावयाची कोठे? खोलीत. आणि फ्रिजच्या सर्व बाजू फळ्यांनी बंद केल्या असतील तर? येथेच आमची कथा सुरू होते.

आमच्या चिरंजीवांनी २०२३ सालच्या उन्हाळ्यात ठाण्यास नवे घर लावले. सुताराने फ्रिजसाठी जे कपाट केले ते मागून, वरून आणि खालून असे पक्के बंद होते की मुंगीसही वाट नव्हती. आम्ही त्याच्या कामाची सफाई पाहून त्यास शाबासकी दिली, हे येथे कबूल केले पाहिजे. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन रीती आम्ही आयुष्यभर मुलांकडून घोकून घेतल्या. परंतु समोर लाकडाची पेटी उभी असताना त्यांपैकी एकही आम्हांस आठवली नाही.

पंधरा दिवसांत सूनबाई म्हणू लागल्या की सकाळचे दूध संध्याकाळी फाटते. यंत्र अहोरात्र घरघर करी, क्षणभर थांबत नसे. शेजारच्या कपाटातील तुपाचा डबा पातळ झालेला असे. आम्ही तेव्हा तेथेच मुक्कामास होतो. घरात सर्वांत वडील म्हणून आम्ही पुढे झालो आणि थंडाव्याची कळ शेवटच्या टोकापर्यंत फिरवून ठेवली. त्याने काही झाले नाही, होणारही नव्हते. पुढे एका जाणत्या कारागिराने येऊन हवेच्या वाटा करून दिल्या, त्या दिवशी यंत्र नीट चालू लागले आणि सर्वांना आनंद झाला. कळ मात्र शेवटच्या टोकास होती ती तेथेच राहिली.

आमच्या कुटुंबास मधुमेह आहे व इन्सुलिन घ्यावे लागते. त्याच्या कुप्या मधल्या फळीवर, अगदी मागच्या भिंतीस टेकून ठेवलेल्या असत. यंत्र आता जोमाने चालू लागले असल्याने त्या एका रात्रीत गोठल्या आणि सकाळी कोणीतरी वस्तू काढताना बाहेर राहून पुन्हा पातळ झाल्या. पाहणाऱ्यास काही कळले नाही. गोठून वितळलेले इन्सुलिन निरुपयोगी होते, ते दिसावयास चांगले दिसले तरी टाकून द्यावे लागते, ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. चार दिवस त्या वेळच्या वेळी टोचून घेत होत्या आणि साखर चढतच होती. पाचव्या दिवशी त्यांना ग्लानी आली. रुग्णालयात डॉक्टरांनी पथ्याविषयी विचारले, मात्रेविषयी विचारले आणि मग शांतपणे विचारले, ‘औषध फ्रिजमध्ये नेमके कोठे ठेवता?’ नव्या कुप्यांनी त्या दोन दिवसांत सावरल्या. त्या आज येथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि ही गोष्ट जाहीर सभेत सांगण्यास त्यांचा विरोध होता. परंतु ती कळ आम्ही फिरविली होती, सबब सांगण्याचे कामही आमचेच.

आता त्या कारागिराने काय केले ते सविस्तर सांगतो, कारण घर लावताना हेच पाहावयाचे असते. त्याने खालच्या पायपट्टीत जाळी बसविली. कपाटाची मागची फळी काढून मागे भिंतीपर्यंत पोकळी ठेवली. आणि वर छताकडे हवा निघून जाण्यास फट कापली. गार हवा खालून शिरते, मागून चढता चढता तापते आणि वरून बाहेर पडते, धुराड्यासारखी. वाट किती मोठी हवी हे यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत आकृतीसह दिलेले असते; पुष्कळ पुस्तिकांत खाली व वर निदान २०० चौरस सेंटीमीटर मोकळी जागा मागितलेली आढळते, आणि जाळी लावली तर जाळीच्या काड्यांनी अडविलेली जागा त्यात धरावयाची नसते. सुताराच्या हाती माप देण्यापूर्वी ती पुस्तिका द्यावी. फ्रिज मागाहून आणू, आधी कपाट करून टाका, असे कदापि म्हणू नये. शिवाय ही वाट पुढेही मोकळी राहिली पाहिजे. वरच्या फटीवर जुनी वर्तमानपत्रे आणि दिवाळीचे आकाशकंदील कोंबून ठेवलेले आम्ही दोन घरी पाहिले आहेत. घरांची नावे सांगत नाही.

खरेदीच्या वेळी आणखी एक गोष्ट पाहावी, जी दुकानदार आपण होऊन क्वचितच सांगतो. फ्रिजच्या आतल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ वर्गाचे यंत्र खोलीचे तापमान १६ ते ३२ अंश असेल तेथे चालण्यासाठी, ‘एसटी’ ३८ अंशांपर्यंत आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंत केलेले असते. परदेशी बनावटीची बंदिस्त यंत्रे घेताना हे अक्षर अवश्य वाचावे. आपले जे बांधव नागपूर, अकोला, चंद्रपूर भागांत आहेत, त्यांच्याकडे वैशाखात बाहेरचा पारा ४३ च्याही पुढे जातो. त्यांनी ‘टी’हून कमी वर्ग घेऊ नये आणि दुपारच्या वेळी स्वयंपाकघर कोंडून ठेवू नये.

बसविताना यंत्र कपाटास स्क्रूने पक्के जखडले आहे, हेही पाहावे. बाहेरचे लाकडी दार जड असते. ते उघडताच न जखडलेले यंत्र पुढे कलू शकते. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट स्वतंत्र हवा आणि तो यंत्राच्या मागे नको, शेजारच्या कपाटात हवा. अन्यथा प्रसंगी वीज तोडावयाची तर फ्रिजच ओढून काढावा लागेल. लांबविलेल्या वायरीवर फ्रिज चालवू नये.

आता वापराविषयी. आतले तापमान ४ अंशांच्या आसपास आणि बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंश असावे. ५ ते ६० अंश या पट्ट्यात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. दारावरच्या आकड्यावर विसंबू नये. पेलाभर पाण्यात तापमापक बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी पाहावे. सर्वांत गार जागा मागची भिंत आणि सर्वांत उबदार जागा दार. म्हणून दूध दारात ठेवण्याची आपली रीत चुकीची आहे. दारात लोणची आणि मुरंबे शोभतात. इन्सुलिनास २ ते ८ अंश लागतात. ते मधल्या फळीवर पुढच्या बाजूस, डब्यात घालून ठेवावे, भिंतीस टेकवू नये. आमच्या घरी आता त्या डब्यावर लाल चिठ्ठी आहे आणि थंडाव्याच्या कळीस चिकटपट्टी.

उकळती आमटी आत ठेवू नये, हे सर्वांना माहीत आहे. परंतु ‘निवेल मग ठेवू’ म्हणून ती रात्री अकरापर्यंत ओट्यावर राहते, हे अधिक वाईट. शिजलेले अन्न उथळ भांड्यांत काढून लवकर निववावे आणि दोन तासांच्या आत ठेवावे. भाताविषयी विशेष सावध असावे. त्यातील काही जंतूंची बीजे शिजविण्यातही टिकतात आणि भात उबदार राहिला की वाढतात, पुढे त्यांनी केलेले विष पुन्हा तापवूनही जात नाही. फ्रिजमध्ये अन्न अमर होत नाही. आपल्याकडे शिळासप्तमीस वर्षातून एकदा शिळे खाण्याचा नेम आहे. तो नित्याचा करण्याचे कारण नाही.

वीज गेली असता दार उघडून ‘गार आहे का’ हे पाहण्याचा मोह अनावर होतो. न उघडल्यास खालचा कप्पा सुमारे चार तास धरतो आणि भरलेला बर्फाचा कप्पा दोन दिवसांपर्यंत. अर्धाच भरलेला असेल तर एक दिवस.

निगा म्हणाल तर फार नाही. महिन्यातून एकदा दाराभोवतालची रबरी पट्टी कोमट पाणी व खाण्याचा सोडा यांनी पुसावी. दारात कागदाचा तुकडा धरून दार लावावे. कागद सहज निघाला तर पट्टी सैल झाली. आत मागच्या बाजूस पाणी वाहून जाण्याचे छिद्र असते, ते कोथिंबिरीच्या काड्यांनी तुंबते आणि भाजीच्या कप्प्यात डबके साचते. वर्षातून दोनदा, प्लग काढून, खालच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशाने झाडावी. आणि बर्फ साचला तर सुरी, उलथणे किंवा स्क्रूड्रायव्हर यांचे काम नाही. यंत्र बंद करून दार उघडे ठेवावे, बर्फ आपोआप सुटतो.

सुरीचा निषेध आम्ही उगाच करीत नाही. फ्रिजमधील वायूचा इतिहास मनोरंजक आहे. आरंभीच्या काळी सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू वापरीत. १९३० च्या सुमारास फ्रिऑन आला. तो विषारी नव्हता, जळत नव्हता, म्हणून जगाने त्यास डोक्यावर घेतले. आपल्याकडे गोदरेजने १९५८ साली देशी फ्रिज काढला, तो याच फ्रिऑनच्या अमदानीत. पुढे हा गुणी वायू आकाशातील ओझोनचा थर खातो असे निघाले आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये तो हळूहळू बाद झाला. आता बहुतेक घरगुती यंत्रांत आयसोब्युटेन असतो, पट्टीवर ‘आर-६००ए’ असे लिहिलेले आढळेल. हा आपल्या सिलिंडरमधील गॅसचा सख्खा भाऊ आहे. यंत्रात तो फार थोडा, काही तोळेच, असतो. परंतु तो पेट घेतो, हवेहून जड असल्याने खाली साचतो, आणि सिलिंडरच्या गॅसात मुद्दाम मिसळलेला उग्र वास यात नसतो. नळीस भोक पडल्याचा संशय आला, फुस्स असा आवाज झाला, तर शेगडी विझवावी, खिडक्या उघडाव्यात, त्या खोलीतील कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, प्लगही ओढू नये. वीज घराबाहेरच्या मुख्य खटक्यावरून तोडावी. बंदिस्त कपाटात हवा खेळती ठेवण्याचे हे दुसरे कारण. दुरुस्तीसही या वायूचे काम जाणणाराच माणूस बोलवावा. नाक्यावरच्या कोणासही बोलावून नळीस झाळ देऊ देणे धोक्याचे आहे.

एक गोष्ट राहिली. नवा फ्रिज आला की जुना गच्चीवर किंवा जिन्याखाली जातो. पूर्वीच्या फ्रिजच्या दारास बाहेरून खटका असे आणि लपंडाव खेळताना आत शिरलेली मुले गुदमरून दगावत. असे इतके वेळा घडले की १९५६ साली अमेरिकेत, दार आतून ढकलता उघडले पाहिजे, असा कायदाच करावा लागला. आज दारास चुंबकाची पट्टी असते ती त्यामुळेच रूढ झाली. तरीही पडलेल्या फ्रिजचे दार बिजागरीतून काढून वेगळे ठेवावे. कामास पाच मिनिटे लागतात. या सभागृहाच्या मागील जिन्याखाली संस्थेचा जुना फ्रिज गेली दोन वर्षे दारासकट उभा आहे. कार्यवाहांना आम्ही आताच, सर्वांसमक्ष, स्मरण देतो.

आमच्याजवळचा तापमापक आणि पाण्याचा पेला या टेबलावर ठेवला आहे. ज्या भगिनींना पाहावयाचा असेल त्यांनी चहाच्या वेळी यावे. वाचावयाचा कसा ते आमचे कुटुंब दाखवील, ते आता आमच्याहून अधिक जाणतात.