कृत्रिम गुडघा आणि चालण्याची ढब

वहाणा दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराच्या हातीं जुनी वहाण दिली, तर तिच्या मालकाला न पाहतांहि तो त्याच्या चालण्याची ढब सांगूं शकतो. एकाची टाच बाहेरच्या कडेस झिजलेली असते. दुसऱ्याच्या अंगठ्याखालचें चामडें आधीं विरतें. तिसऱ्याची उजवी वहाण धड असतांना डावी फाटून जाते. चामडें तेंच, रस्ता तोच. भेद पडतो तो पावलाचा. शस्त्रक्रियेनें बसविलेल्या कृत्रिम गुडघ्यासहि हाच नियम लागू आहे; फरक एवढाच कीं, वहाण काढून पाहतां येते, गुडघा काढून पाहतां येत नाहीं.

रत्नागिरीकडे या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. येथील घर उतारावर, विहीर खालीं, देऊळ वर, आणि मधें जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. आयुष्यभर अशी चढउतार केलेले व लावणीच्या दिवसांत तासन् तास वाकून राहिलेले स्त्रीपुरुष साठी उलटल्यावर गुडघे धरून बसतात. त्यांपैकीं कोणी धीर करून व गांठीचे पैसे खर्चून नवा सांधा बसवून घेतात. पुढें मात्र कित्येकांची गत चमत्कारिक होते. कोणी “चाललों तर झिजेल” या भीतीनें ओटीवरील खुर्ची सोडीत नाहीं. तर कोणी दुखणें गेल्याच्या आनंदांत जुन्याच फेंगड्या चालीनें पाखाडी उतरूं लागतो. पहिल्याची भीति अवास्तव आहे आणि दुसऱ्याचा निर्धास्तपणाहि तितकाच अवास्तव आहे.

झिजेचा धडा वैद्यकाला प्रथम खुब्याच्या सांध्यानें शिकविला. इंग्लंडांतील सर जॉन चार्न्ली यांनीं आरंभीं टेफ्लॉन नांवाचें अतिशय गुळगुळीत द्रव्य वापरलें. तें घसरे उत्तम, पण थोड्याच वर्षांत झिजून जाई, आणि त्याच्या कणांनीं आसपासचा भाग बिघडे. तेव्हां १९६२ मध्यें त्यांनीं पॉलिएथिलीन पत्करलें. गुडघ्यासाठीं याच द्रव्याचा सांधा १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथें इन्सॉल, राणावत व वॉकर यांनीं सिद्ध केला; आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याचेच वंशज होत. यांपैकीं डॉ. चित्तरंजन राणावत हे इंदूरला वैद्यक शिकून अमेरिकेस गेलेले. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर २००० सालीं व उजव्यावर २००१ सालीं मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत त्यांनींच शस्त्रक्रिया केली. या शस्त्रक्रियेचें नांव आपल्याकडे घरोघर पोंचलें, तें विशेषेंकरून तेव्हांपासून.

या सांध्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकास कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची घोटीव टोपी बसवितात. नडगीच्या माथ्यावर धातूची बैठक. आणि दोहोंमध्यें पॉलिएथिलीनची गादी, पुष्कळदां अवघी आठ-दहा मिलिमीटर जाडीची. झिजते ती ही गादी. किती झिजेल हें मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतें: तिच्यावर भार किती पडतो आणि धातू तिच्यावरून किती अंतर घसरतो. म्हणजे झिजेचा हिशेब वर्षांनीं नव्हे, पावलांनीं मांडावयाचा. दिवसाला पांच हजार पावलें टाकणारा मनुष्य प्रत्येक पाय वर्षांत नऊ लाखांहून अधिक वेळां टेकतो.

भाराविषयीं पूर्वी अंदाजच बांधावे लागत. पुढें बर्लिन येथील संशोधकांनीं कृत्रिम सांध्यांतच मापक व छोटें प्रक्षेपक यंत्र बसवून, रुग्ण चालत असतांना आंतला भार बिनतारी संदेशानें बाहेर मिळविला. सपाटीवर चालतांना गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या सुमारें अडीच पट भार येतो आणि जिना उतरतांना तो साडेतीन पटींच्या जवळ जातो, असें त्यांत दिसून आलें. साठ किलो वजनाच्या बाईनें पाखाडीची एक पायरी उतरावी, तर गुडघ्यावर दोनशें किलोंचा दाब! शिवाय हा भार दोन्ही बाजूंस सारखा वांटला जात नाहीं. आंतल्या बाजूस अधिक पडतो. गुडघे बाहेर फांकवून चालणाऱ्याच्या बाबतींत ही विषमता आणखी वाढते. म्हणूनच शल्यवैद्य पायाचा अक्ष सरळ करण्याकडे एवढें लक्ष देतात.

पण सर्वांत मौजेची गोष्ट दिशेची आहे. पॉलिएथिलीनचे रेणू लांब सांखळ्यांसारखे असतात. नारळाच्या सोडणाचा काथ्या एकाच दिशेनें चोळला तर तंतू त्या दिशेस लागतात व घट्ट राहतात. आडवें ओढलें कीं सुटे होऊन निघतात. या प्लास्टिकचेंहि तसेंच आहे. प्रयोगशाळेंत धातू एकाच रेषेंत मागेंपुढें घासला तर झीज फारच थोडी होते. त्यांत आडवी वा फिरती गति मिसळली कीं ती अनेक पटींनीं वाढते. मनुष्याचा गुडघा केवळ दाराच्या बिजागरीप्रमाणें हालत नाहीं. प्रत्येक पावलाबरोबर नडगी थोडी वळते व घसरतेहि. हें वळणें-घसरणें ज्याच्या चालीत अधिक, त्याची गादी तितकीच पावलें टाकूनहि अधिक झिजते. हल्लीं कांहीं सांध्यांत किरणांच्या साहाय्यानें या सांखळ्या एकमेकींस बांधून घेतलेलें पॉलिएथिलीन वापरतात. त्याची झीज कमी होते.

झीज म्हणजे केवळ गादी पातळ होणें नव्हे. सुटलेले अतिसूक्ष्म कण शरीरांतील भक्षक पेशी गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. त्या चिडीतून आसपासचें हाड विरघळूं लागतें आणि सांधा ढिला होतो. यांत पुष्कळदां वर्षानुवर्षें दुखतहि नाहीं. म्हणून कांहीं त्रास नसतांनाहि ठराविक काळानें उभें राहून क्ष-किरण चित्र काढून घ्यावयाचें असतें. चित्रांत प्लास्टिक दिसत नाहीं. धातू व बैठक यांमधील पोकळी दिसते आणि तिच्यावरून गादी किती उरली याचा अंदाज येतो.

तथापि घाबरण्याचें कारण नाहीं. २०१९ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार शंभरांपैकीं सुमारें ब्याऐंशीं पूर्ण कृत्रिम गुडघे पंचवीस वर्षें टिकतात. चालणें सोडून देण्यानें गादी कदाचित् वांचेल. पण मांडीचे स्नायू लुळे पडतील, वजन वाढेल, आणि ज्यासाठीं एवढा खटाटोप केला तेंच हातचें जाईल. सोडावयाचें तें उकिडवें बसणें. कारण त्या स्थितींत सर्व दाब गादीच्या मागल्या कडेवर, थोड्याशा जागेंत येतो. वळतांना टेकलेल्या पायावर गिरकी घेऊं नये. लहान लहान पावलांनीं वळावें. दुखणें असतांना जडलेली लंगडी चाल शस्त्रक्रियेनंतर आपोआप जात नाहीं. ती व्यायाम शिकविणाऱ्याच्या देखरेखीखालीं, आरशासमोर चालून मोडावी लागते, आणि हें काम पहिल्या कांहीं महिन्यांत जितकें साधतें तितकें मागाहून साधत नाहीं.

काठी पुष्कळ लोक दुखऱ्या पायाच्याच बाजूस धरतात. ती दुसऱ्या हातांत धरावी, म्हणजे गुडघ्यावरील भार खरोखर हलका होतो. पाखाडी चढतांना चांगला पाय आधीं वर टाकावा, आणि उतरतांना शस्त्रक्रिया झालेला पाय आधीं खालीं. कारण उतरतांना वांकून देह तोलण्याचें काम मागच्या पायाकडे असतें.