सरकारी नोकराने मांडलेला हिशेब
(टेंभी नाका, ठाणे येथील भाषण)



कापूस-ज्वारीची माणसं टेंभी नाक्यावर कशाला, असं सकाळी एकानं विचारलं. कोकण पाटबंधारे विकास महामंडळाची कचेरी याच ठाण्यात आहे. याच जिल्ह्यात मुरबाडच्या काळू धरणाचं काम वनखात्याच्या मंजुरीविना सुरू झालं आणि उच्च न्यायालयाला ते थांबवावं लागलं. धरणाची निविदा अशा कचेरीत निघते, आणि ऑगस्टात पावसाने ताण दिला की पात्या गळतात त्या आपल्या पराटीच्या.

आज पुढाऱ्याबद्दल नाही, एका नोकराबद्दल बोलतो. विजय पांढरे. नाशिकच्या 'मेरी' या संशोधन संस्थेत मुख्य अभियंता, राज्याच्या तांत्रिक सल्लागार समितीचे सदस्य. सह्या करून गप्प बसले असते तर निवृत्तीची शाल आणि नारळ ठरलेला होता. 2012 साली त्यांनी राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. अंदाजपत्रकं फुगवली जातात, कामं निकृष्ट होतात, उपसा सिंचन योजना बहुतेक बंद आहेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पत्र काही महिने फायलीतच राहिलं. सप्टेंबरात वर्तमानपत्रांत आलं तेव्हा कुठे गडबड उडाली.

त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणीवरून हिशेब निघाला होता: दहा वर्षांत सुमारे 70,000 कोटी खर्च, ओलीत वाढलं 0.1 टक्का. सरकारने नोव्हेंबरात श्वेतपत्रिका काढली आणि सांगितलं, वाढ 5.17 टक्के. बरं, तेवढी धरू. त्यातलं तुमच्या धुऱ्यापर्यंत किती पोचलं? गोसीखुर्दचं भूमिपूजन 1988 चं. मूळ अंदाज 372 कोटींचा, पुढे तो हजारो कोटींत गेला. कापसाचा भाव असा वाढलेला कुणी पाहिलाय?

उपमुख्यमंत्री अजित पवारांनी सप्टेंबरात राजीनामा दिला, डिसेंबरात पुन्हा शपथ घेतली. माधवराव चितळे यांच्या समितीचा अहवाल 2014 साली आला. पांढरे मात्र स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. 2014 ला नाशिकातून लोकसभेला उभे राहिले, पडले. मला त्यांचं निवडणुकीला उभं राहणं पटलं नव्हतं. पण पत्र लिहिलं तेव्हा त्यांच्या पाठीशी आपण कितीजण उभे होतो, हेही विचारा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपल्या प्रकल्पाची मूळ किंमत, सुधारित किंमत आणि प्रत्यक्ष भिजलेले एकर माहितीच्या अधिकारात काढून आणावेत. अर्जाला दहा रुपये लागतात.