ईश्वरी कोपाकडून सामाजिक जबाबदारीकडे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



विवेक आणि विज्ञान यांच्या उदयाने युरोपचे तत्त्वज्ञान बदलले, समाज बदलला, हे विधान आपल्या अभ्यासवर्गांत वारंवार केले जाते. ते खोटे नाही. परंतु ते इतके ढोबळ आहे की त्यातून कार्यकर्त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. हा विवेक कोणाचा होता? तो कोणत्या प्रश्नाला भिडला? त्याने कोणाची सत्ता हिरावून घेतली आणि ती कोणाच्या हाती दिली? या प्रश्नांची उत्तरे हवी असतील तर तत्त्ववेत्त्यांच्या नामावळीपेक्षा एखादी प्रत्यक्ष घटना तपासणे अधिक उपयोगाचे ठरते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे झालेला भूकंप ही अशी घटना आहे.

घड्याळजी ईश्वर

भूकंपापूर्वीची दोन शतके प्रथम ध्यानात घेतली पाहिजेत. १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६३३ मध्ये गॅलिलिओला धर्मपीठापुढे गुडघे टेकावे लागले. १६८७ मध्ये न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ आला आणि झाडावरून पडणारे फळ व पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे सिद्ध झाले. आकाशातील घटनांना कारण असते, ते गणिताने सांगता येते, ही श्रद्धा नव्हे तर अनुभवाची गोष्ट झाली.

तथापि या नव्या ज्ञानाने धर्मसत्ता लगेच कोसळली, असे झाले नाही. उलट अनेक विचारवंतांनी तडजोडीचा मार्ग काढला. विश्व हे एक अचूक घड्याळ आहे आणि ईश्वर हा त्याचा कुशल कारागीर, असे सांगितले जाऊ लागले. जर्मन तत्त्वज्ञ लायबनित्स याने १७१० मध्ये प्रतिपादन केले की, जी जी जगे संभवतात त्या सर्वांत हेच जग उत्तम. त्यातले दुःखही एकंदर व्यवस्थेत आवश्यकच असते. हा सिद्धांत तर्कशुद्ध होता, आणि बुद्धिवादी भाषेत मांडलेला होता. मात्र त्याचा सामाजिक अर्थ फार सोयीचा होता. जे आहे ते योग्यच असेल तर शेतकऱ्याची उपासमारही योग्यच ठरते आणि सरदाराचा वाडाही योग्यच ठरतो. बुद्धी धर्माच्या दास्यातून सुटली तरी ती प्रस्थापित व्यवस्थेच्या सेवेत राहू शकते, ही पहिली शिकवण येथेच मिळते.

सकाळी साडेनऊच्या सुमारास

लिस्बन हे त्या काळच्या युरोपातील श्रीमंत शहर. ब्राझीलच्या खाणींत गुलामांनी खणलेले सोने येथे उतरत असे. तो दिवस सर्व संतांच्या सणाचा. सकाळी साडेनऊनंतर धक्के बसू लागले तेव्हा चर्च भरलेली होती, वेद्यांवर मेणबत्त्या तेवत होत्या. छते कोसळली, मेणबत्त्यांनी आणि घरोघरच्या चुलींनी आगी लागल्या. मोकळ्या जागेच्या शोधात लोक टॅगस नदीच्या धक्क्याकडे धावले. सुमारे पाऊण तासाने समुद्र आत घुसला आणि त्यांना घेऊन गेला. आग कित्येक दिवस धुमसत होती. मृतांच्या संख्येचे अंदाज वेगवेगळे आहेत. ते साधारणपणे ३० ते ६० हजारांच्या दरम्यानचे आहेत. राजवाडा गेला, चर्च गेली आणि धर्मद्रोह्यांना शिक्षा ठोठावणाऱ्या इन्क्विझिशनची इमारतही गेली. समुद्रापलीकडे मोरोक्कोतील मुसलमानांच्या शहरांचीही अशीच धूळधाण झाली.

साहजिकच प्रश्न उभा राहिला : हे का झाले?

एका प्रश्नाची चार उत्तरे

पहिले उत्तर जुनेच होते. जेझुइट धर्मोपदेशक मालाग्रिदा याने १७५६ मध्ये पुस्तिका काढून सांगितले की, हा भूकंप नैसर्गिक कारणांनी झालेला नाही. तो लिस्बनवासीयांच्या पापांचे फळ आहे. म्हणून ढिगारे उपसण्याआधी पश्चात्ताप केला पाहिजे. उत्तरेकडील काही प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनीही हा कोपच मानला. फक्त त्यांच्या मते तो कॅथलिक मूर्तिपूजेवरचा होता. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात १८ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप झाला, तेव्हा तेथील एका धर्मोपदेशकाने बेंजामिन फ्रँकलिनच्या नव्या तडितरक्षकाकडे बोट दाखवले. त्या लोखंडी सळ्यांनी आकाशातील वीज जमिनीत साठते आणि भूमी हादरते, अशी शंका त्याने व्यक्त केली. हार्वर्डमधील प्राध्यापक जॉन विन्थ्रॉप यांनी तिचे जाहीर खंडन केले.

दुसरे उत्तर व्होल्तेरचे. खरे म्हणजे ते उत्तर नव्हते, नकार होता. आईच्या छातीशी चिरडलेल्या अर्भकाने कोणते पाप केले होते, आणि लिस्बन पॅरिस-लंडनहून अधिक पापी कसे, हे त्याने आपल्या दीर्घ काव्यातून विचारले. आणि १७५९ मध्ये ‘कांदीद’ लिहून ‘सर्व काही उत्तमच आहे’ या तत्त्वज्ञानाची अशी खिल्ली उडवली की ते पुन्हा पूर्वीच्या तोऱ्यात उभे राहू शकले नाही.

तिसरे उत्तर त्या वेळी तिशीत असलेल्या इमॅन्युएल कांटचे. त्याने १७५६ मध्ये भूकंपावर तीन लेख लिहिले. जमिनीखालील पोकळ्यांत कोंडलेले वायू पेट घेतात व धक्के बसतात, असे त्याचे म्हणणे होते. ते चुकीचे होते. परंतु ते चूक आहे हे पुढे दाखवता आले, आणि हेच त्याचे महत्त्व. ईश्वरी कोपाचा सिद्धांत खोटा ठरवण्याचा कोणताही मार्ग नसतो. म्हणूनच त्यातून ज्ञान वाढत नाही.

चौथे उत्तर रूसोचे. ऑगस्ट १७५६ मध्ये त्याने व्होल्तेरला पत्र लिहिले. ईश्वरी न्यायावरची आपली श्रद्धा त्याने सोडली नव्हती आणि व्होल्तेरची निराशा त्याला मान्य नव्हती. पण त्या पत्रात एक साधे निरीक्षण आहे, आणि ते सर्वांत पुढचे ठरले. त्याचा आशय असा : सहासात मजल्यांची २० हजार घरे एका ठिकाणी खेटून बांधा, असे निसर्गाने सांगितले नव्हते. लोक अधिक विखुरलेले आणि हलक्या घरांत राहत असते तर हानी पुष्कळ कमी झाली असती. कित्येक जण तर कपडे, कागदपत्रे, पैसे आणण्यासाठी परत आत गेले आणि मेले.

येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. ‘ईश्वराने हे का केले?’ हा धर्मशास्त्राचा प्रश्न. ‘भूमी का हादरली?’ हा विज्ञानाचा प्रश्न. ‘घरे कोणी, कोठे आणि कशी बांधली?’ हा समाजशास्त्राचा व अर्थशास्त्राचा प्रश्न. पहिल्याकडून दुसऱ्याकडे येण्यास युरोपला दोन शतके लागली. तिसऱ्या प्रश्नापर्यंत आपला समाज अजून पुरतेपणी पोहोचलेला नाही.

प्रश्नावली, भाव आणि भाडे

पोर्तुगालचा मंत्री, पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेला, या वादात पडला नाही. त्याने प्रेते समुद्रात बुडवण्याची व्यवस्था केली, धान्याचे भाव बांधून दिले, घरभाडी वाढवण्यास बंदी घातली आणि लुटारूंसाठी फाशीचे खांब उभे केले. पुढे त्याने राज्यातील धर्मपरगण्यांना एक प्रश्नावली पाठवली : धक्का किती वेळ टिकला? नंतर किती धक्के बसले? किती घरे पडली? किती माणसे मेली? समुद्र आधी ओसरला की आधी चढला? यात पापाचा प्रश्न नव्हता. उत्तरे द्यायची होती ती मात्र धर्मगुरूंनी. पापपुण्याचा हिशेब ठेवणारा वर्ग अशा रीतीने निरीक्षणे नोंदवणारा कारकून झाला. समाज बदलतो तो पुष्कळदा असा, एखाद्या सरकारी कागदातून. ती उत्तरे आजही उपलब्ध आहेत आणि भूकंपशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतात.

नवे शहर सरळ, रुंद रस्त्यांचे आखले गेले. भिंतींच्या आत लाकडी सांगाड्याचा पिंजरा बसवण्याची पद्धत काढली गेली आणि तिची चाचणी घेण्यासाठी नमुन्याभोवती सैनिकांना पावले आपटत चालायला लावले, असे सांगतात. भाव, भाडे, रस्ता, भिंत ही सारी राज्याची जबाबदारी आहे, ही कल्पना येथे प्रत्यक्षात उतरली. नियोजनाचा पुरस्कार करणाऱ्यांनी तिची नोंद घेतली पाहिजे.

विवेकाची काळी बाजू

पण कथा येथेच संपवली तर ती अर्धसत्य ठरेल. पोंबालला विवेक हवा होता तो राज्यकारभारासाठी. नागरिकाच्या हाती तो जावा, अशी त्याची इच्छा नव्हती. मालाग्रिदाला त्याने प्रथम हद्दपार केले, नंतर तुरुंगात टाकले. १७६१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धाचा जाहीरपणे गळा आवळण्यात आला आणि देह जाळण्यात आला. ही शिक्षा दिली इन्क्विझिशनने, आणि तिचा प्रमुख होता पोंबालचा सख्खा भाऊ. अंधश्रद्धेचा पुरस्कर्ता अंधश्रद्धेच्याच शस्त्राने मारला गेला. आणि ते शस्त्र बुद्धिवादी मंत्र्याच्या हातात होते.

पुनर्बांधणीचा भार कोणी उचलला, हेही पाहिले पाहिजे. ब्राझीलच्या वसाहतीवर त्यासाठी वर्गणी लादण्यात आली, आणि ब्राझीलची संपत्ती म्हणजे मुख्यतः गुलामांचे श्रम. १७६१ मध्येच पोर्तुगालच्या भूमीवर नव्याने येणारा गुलाम मुक्त समजावा असे फर्मान निघाले. ब्राझीलच्या मळ्यांना आणि खाणींना मात्र ते लागू नव्हते. तेथील गुलामगिरी १८८८ पर्यंत टिकली.

गोव्याचा अनुभव याच जातीचा आहे. १७६१ च्याच एका फर्मानाने आशियातील वसाहतींमधील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क कागदावर मिळाले, हिंदूंना नव्हे. १५६० पासून गोव्यात ठाण मांडून बसलेले इन्क्विझिशन पोंबालच्या काळात, १७७४ मध्ये, बंद झाले. १७७७ मध्ये राजा वारला, पोंबालची सत्ता गेली आणि १७७८ मध्ये ते न्यायपीठ पुन्हा सुरू झाले. ते कायमचे गेले १८१२ मध्ये. वरून आलेली सुधारणा वरच्या माणसाबरोबर जाते, हे सांगण्यास याहून बोलके उदाहरण नको.

कांटने १७८४ मध्ये ‘प्रबोधन म्हणजे काय’ या निबंधात, स्वतःच्या बुद्धीने चालण्याचे धैर्य म्हणजे प्रबोधन, असे सांगितले. ते धैर्य राजाने प्रजेच्या वतीने दाखवून चालत नाही. आणि ज्याच्या श्रमावर, निवाऱ्यावर, शिक्षणावर दुसऱ्याचा ताबा आहे त्याला ते दाखवायला सांगणे हा निव्वळ उपदेश ठरतो. समाजवादी विचार उभा राहिला तो नेमक्या या जागी.

बिहार आणि किल्लारी

आपल्या देशात हा वाद १९३४ मध्ये झाला. १५ जानेवारीच्या भूकंपाने उत्तर बिहार उद्ध्वस्त झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर रवींद्रनाथ ठाकुरांचे गांधीजींशी मतैक्य होते. तरीही त्यांनी जाहीर विरोध नोंदवला. त्यांचा एक मुद्दा असा होता की, हाच युक्तिवाद सनातनीही वापरू शकतील. अस्पृश्यता मोडू पाहणाऱ्यांमुळेच देव कोपला, असे ते म्हणतील. गांधीजींनी तो विरोध ‘हरिजन’मध्ये छापला आणि त्याला उत्तर दिले. आपली भूमिका त्यांनी बदलली नाही; पण मालाग्रिदाच्या वाट्याला आलेला फास येथे कोणाच्या वाट्याला आला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच बिहारमध्ये, पाटण्याला आचार्य नरेंद्र देवांच्या अध्यक्षतेखाली समाजवाद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरले. हेतू उदात्त असला तरी चुकीचे कारण चुकीचेच असते, आणि ते उद्या कोणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो, हा रवींद्रनाथांचा इशारा आपल्या चळवळीच्या जन्मकाळचा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. गणेश विसर्जन उरकून गावे झोपली होती. जाडजूड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती आणि वरचे मातीचे अवजड धाबे अंगावर येऊन हजारो माणसे गाडली गेली. त्या मानाने कुडाच्या व पत्र्याच्या झोपड्यांत राहणारी पुष्कळ गरीब माणसे वाचली. रूसोचे हलक्या घरांविषयीचे निरीक्षण लातूर-धाराशिवच्या मातीत असे खरे ठरले. यातून आपणही एक गोष्ट शिकली पाहिजे : गरीबच नेहमी आधी मरतो, हे सूत्रसुद्धा तपासल्यावाचून बोलू नये. घोषणेआधी मोजणी केली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा २०१८ मध्ये नियमबाह्य इमारतींना दिलेल्या सरकारी माफीची चर्चा झाली. तीच योग्य दिशा होती.

कार्यकर्त्याचे काम

आपत्तीनंतर गावात जाणाऱ्या कार्यकर्त्याला लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘असे का झाले?’ हाच. त्या वेळी शोकाकुल माणसाच्या श्रद्धेची टिंगल करणे हा बुद्धिवाद नव्हे. तो निव्वळ उद्धटपणा आहे. पण ‘देवाची मर्जी’ म्हणून मान डोलावणे हाही कामचुकारपणाच आहे, कारण त्या एका शब्दाच्या आड कंत्राटदार, परवाना देणारा अधिकारी आणि निधी अडवून ठेवणारा मंत्री हे सारे लपतात. पोंबालची प्रश्नावली आपण घ्यावी. फक्त ती वरून खाली न पाठवता गावानेच तयार करावी. किती घरे पडली? कोणत्या बांधणीची? ती कोणी मंजूर केली? धान्याचा भाव किती झाला? मदत कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचली आणि कोणत्या वस्तीला वगळले गेले?

हे प्रश्न विचारणे सुरक्षित नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, हे आपण विसरू शकत नाही. ज्यांचे हितसंबंध लोकांनी प्रश्न न विचारण्यात गुंतलेले असतात, त्यांना त्या प्रश्नांची किंमत आपल्याहून अधिक नेमकी कळते. म्हणून हे काम एकट्याने करू नये. गावाने मिळून माहिती गोळा करावी, तिच्यावर सर्वांनी सह्या कराव्यात आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. अडीचशे वर्षांपूर्वी मंत्र्याच्या हाती असलेला विवेक लोकांच्या हाती आणण्याचे काम अशा वाचनापासून सुरू होते.