चाळिशीनंतरची पेटी



"पेटी शिकायची फार हौस होती, पण आता वय झाले," हे वाक्य नांदेडात ऐकू येते तसेच लातुरातही. संसार मार्गी लागतो, मुले हाताशी येतात, आणि मनात दडलेली हौस पुन्हा डोके वर काढते. मग प्रश्न पडतो, शिकावे कसे? पुस्तकावरून, गुरूपुढे बसून, की परीक्षांच्या पायऱ्या चढून?

प्रथम वाद्य समजून घेऊ. पॅरिसच्या देबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते पायाने वारा भरण्याचे, खुर्चीवर बसून वाजवण्याचे वाद्य होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हातभाता दिला आणि पेटी आमच्या बैठकीत आली. पट्ट्या पियानोसारख्याच, सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या. पण पियानोवर दोन्ही हातांना स्वर वाजवावे लागतात, पेटीवर डावा हात भात्याला असतो. म्हणून प्रौढ नवशिक्याला पेटी सोपी वाटते.

परंतु धोका त्या सोपेपणातच आहे. सारंगीवर स्वर शोधावा लागतो. पेटीवर तो आयता मिळतो. त्यामुळे बोटे शहाणी होतात आणि कान अडाणी राहतो. पेटीतून मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे निघत नाहीत, अशाच आक्षेपांवरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती. ती सुमारे तीन दशके टिकली.

यावर उपाय एकच, आधी गळा, मग बोट. आपला षड्ज काळी एक असो वा काळी पाच, तो प्रथम ठरवावा. 'सारेग, रेगम' हा अलंकार आधी तोंडाने म्हणावा, मग पट्ट्यांवर उतरवावा.

येथे प्रौढाजवळ एक भांडवल आहे, जे दहा वर्षांच्या मुलाजवळ नसते. हरिपाठाच्या, काकड्याच्या चाली त्याने जन्मभर ऐकलेल्या असतात. नांदेडकरांच्या कानी सचखंड गुरुद्वाऱ्यातील कीर्तनही असते. त्यांतली एक ओळखीची चाल घ्यावी, गुणगुणावी आणि तिचे स्वर स्वतः शोधावेत. चुकेल तेथे गुरूने बोट धरावे.

मग पुस्तक नको काय? हवे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीताचे दार सामान्यांना उघडले. पंडित भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो चिजा लिहून ठेवल्या. दोघांच्या स्वरलिपी वेगळ्या. आपल्या शिक्षकाची असेल ती एकच धरावी. पण लिपी स्वर आणि मात्रा सांगते, स्वराचा लगाव सांगत नाही. ती आठवणीसाठी आहे. ऐकण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

परीक्षेने शिस्त लागत असेल तर प्रारंभिक, प्रवेशिका जरूर द्याव्यात. मात्र ज्याला भजनात साथ करायची आहे, त्याने प्रमाणपत्र मिळेपर्यंत भजनापासून दूर राहू नये.

श्रोतेहो, ज्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा एकच असतो, तेथे तो आजारी पडला की एकादशी सुनी जाते. त्याच्या शेजारी बसणारा दुसरा कोणी तयार व्हायला हवा. तो मैफिलीचा कलावंत नसला तरी चालेल. रोज अर्धा तास नेमाने बसणारा असावा. तेवढा अर्धा तास पन्नाशीतही आपल्या हाती असतो.