सशाची युक्ती आणि दिम्नाचे कपट



दुसरी-तिसरीच्या मुलांना लबाड कोल्ह्याच्या गोष्टी वाचायला दिल्या तर ती खोटे बोलायला शिकतील, अशी शंका काही पालक घेतात. शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका जुन्या ग्रंथात मिळते.

आपले पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी ते अरबीत आणले, तेच ‘कलीला व दिम्ना’. त्यात ससा सिंहाला विहिरीतले प्रतिबिंब दाखवून बुडवतो. त्यातच दिम्ना हा कोल्हा स्वार्थासाठी चुगली करून सिंहाकडून निरपराध बैलाला मारवतो. फसवतात दोघेही. पण पंचतंत्रातला कोल्हा सुटतो; अरबी ग्रंथात मात्र दिम्नाच्या चौकशीचे प्रकरण वाढवलेले आहे आणि त्याला शिक्षा होते.

हा भेद मुलांनाच शोधू द्या. ससा विहिरीपाशी पोचला की पुस्तक मिटावे आणि विचारावे, “आता तो काय करील?” पुढचे मूल उत्सुकतेने स्वतःच वाचील. शेवटी दोनच प्रश्न विचारावेत: युक्ती कोणाला वाचवण्यासाठी होती? आणि नुकसान कोणाचे झाले? तात्पर्य आपण सांगू नये.

ज्या आईला वाचता येत नाही, तिलाही हे प्रश्न विचारता येतात. रोज दहा मिनिटे पुरेत. युक्ती आणि कपट यांतला फरक ओळखणारे मूल दुसऱ्याला फसवणार नाही, आणि गोड बोलणाऱ्याकडून सहजी फसणारही नाही.