आवाज येतो, शब्द लागत नाहीत



1801 सालच्या जूनमध्ये संगीतकार बीथोव्हेनने व्हिएन्नाहून आपल्या डॉक्टर मित्राला, फ्रान्झ व्हेगेलरला, एक पत्र लिहिले. वय अवघे तिशीचे. नाटकाला गेले की नटाचे बोलणे कळावे म्हणून वाद्यवृंदाला खेटून बसावे लागते. जरा लांब बसले तर वाद्यांचे आणि गळ्याचे वरचे स्वर येतच नाहीत. कोणी हळू बोलले तर आवाज कानावर पडतो, पण शब्द लागत नाहीत. आणि कोणी ओरडले तर ते सोसवत नाही. लोकांना मात्र यातले काही कळत नाही, कारण स्वारीचे लक्ष नेहमी दुसरीकडेच असते, असा त्यांचा समज.

बीथोव्हेनला बहिरेपण कशाने आले, यावर आजही एकमत नाही. पण लक्षणे त्याने इतकी नेमकी टिपली आहेत, की नाट्यगृहाच्या जागी दिवाणखान्यातला टीव्ही ठेवला तर ते पत्र आपल्याकडच्या असंख्य घरांतून आलेले वाटेल.

रात्रीची मालिका सुरू असते. आजोबा रिमोटने आवाज वाढवतात, सूनबाई म्हणते, “बाबा, जरा कमी करा ना, मुलांचा अभ्यास चाललाय.” आजोबांचे उत्तर तयार असते : “अगं, हे नट पुटपुटतात नुसते!” मग नातू काही विचारतो. “जरा मोठ्याने बोल.” तो मोठ्याने बोलतो. “ओरडतोस कशाला?” घरच्यांना हा हेकटपणा वाटतो. तो हेकटपणा नव्हे. हळू आवाज मुळीच न येणे आणि मोठा आवाज एकदम अंगावर येणे, या दोन्ही गोष्टी कानाच्या एकाच दुखण्यातून येतात.

आतल्या कानात कॉक्लिया नावाची शंखाकृती नलिका असते. तिच्यात जन्मतः सुमारे 15 हजार केसपेशी असतात. नलिकेच्या दाराशी उंच स्वर टिपले जातात, आत टोकाशी खर्ज. नलिकेतल्या लाटेचे हे गणित उलगडणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना 1961 चे नोबेल मिळाले. वयाने आणि गोंगाटाने आधी जातात त्या दाराजवळच्या पेशी, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आता बोलण्याकडे पाहा. अ, आ, ओ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, च, त, थ, फ यांना एकमेकांपासून वेगळे करणारी खूण बरीचशी 2000 हर्ट्झच्या वर, ‘स’ची तर 4000 च्याही पुढे. म्हणून आवाजाचे अंग शाबूत राहते आणि व्यंजने गळतात. ‘सात वाजता’ म्हटले की ‘आठ वाजता’ ऐकू येते. आवाज वाढवून इथे फारसे साधत नाही. आधीच ऐकू येणारे स्वर आणि पार्श्वसंगीत तेवढे वाढते, आणि दणदणीत खर्ज नाजूक व्यंजनांना आणखी झाकून टाकतो.

आजोबांची तक्रार मात्र सर्वस्वी खोटी नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जुन्या डब्बा टीव्हीचा स्पीकर बहुधा समोर तोंड करून असे. पातळ टीव्हीत तो खाली किंवा मागे गेला, आवाज भिंतीवर आपटून येऊ लागला. 2014 मध्ये बीबीसीच्या ‘जमैका इन’ या मालिकेतले संवाद कळत नाहीत म्हणून 2000 हून अधिक तक्रारी आल्या. तेव्हा सगळ्यांचेच कान काही बिघडले नव्हते.

मग दोष कुणाचा, हे कसे ओळखावे? बातम्या नीट कळतात, मालिका कळत नाही आणि हीच अडचण घरातल्या तरुणांनाही येते, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करण्याची सोय पाहावी. पण बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे पुरुषांच्या बोलण्यापेक्षा कमी लागते, लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याच्या ओठांकडे पाहावे लागते, रातकिडे ऐकू येईनासे झाले, फोन नेहमी त्याच एका कानाला जातो, अशी चिन्हे असतील तर टीव्हीला बोल लावू नये. 2020 मध्ये तोंडावर मास्क आले आणि ओठ दिसेनासे झाले, तेव्हा अनेकांना आपण किती बोलणे डोळ्यांनी ‘ऐकत’ होतो ते प्रथमच उमगले.

पहिली पायरी साधी आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान पाहून घ्यावा. कधी नुसता मळाचा खडा निघतो आणि काम भागते. तेल घालू नये, काडी घालू नये. त्यानंतर ऑडिओग्राम : बंद खोलीत हेडफोन लावून 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकायचे. दुखत नाही, तासभरही लागत नाही. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे काम करते.

चष्मा लावताना कोणी लाजत नाही. श्रवणयंत्र मात्र कपाटात पडून राहते. ही लाज महागात पडते. ऐकू न येणारा माणूस आधी गप्पांतून, मग समारंभांतून उठतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ऐकू कमी येण्याची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांत केली आहे. 2023 मध्ये अमेरिकेतल्या 70 ते 84 वयाच्या 977 जणांचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा श्रवणयंत्राने फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका अधिक होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. यंत्र ऑडिओग्रामप्रमाणे जुळवून घ्यावे लागते आणि मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात. पहिल्या आठवड्यातच ते काढून ठेवू नका.

पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी आणि पासष्टीनंतर दर एक ते तीन वर्षांनी कान तपासावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एक अपवाद तेवढा ध्यानात ठेवा : एका कानाने अचानक, एकदोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या दुखण्यावरची औषधे सुरुवातीच्या दिवसांतच चांगली लागू पडतात.